अंगठा घेण्याआधी

(ग्राम कार्यकर्त्यांच्या नवापूर तालुक्यातील वार्षिक शिबिरात, सकाळच्या उपासनेनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



 धडगावकडच्या मंडळींना काल गाडी उशिरा मिळाली. तरी आज पहाटेच्या प्रार्थनेला सगळे हजर होते, याबद्दल देवाचे आभार मानते.

मला विषय दिला आहे, 'विश्वास आणि सचोटी यांवर उभारलेले जीवन'. विषय ऐकला आणि पहिल्यांदा भीती वाटली. सचोटीवर बोलायला उभे राहायचे म्हणजे आपली सचोटी किती, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा लागतो. म्हणून आज मी उपदेश कमी करणार आहे आणि साक्ष जास्त देणार आहे. त्या साक्षीत माझी चूकही आहे.

मत्तयाच्या सातव्या अध्यायातला दोन घरांचा दाखला आपण सगळ्यांनी रविवारच्या शाळेत ऐकला आहे. एकाने खडकावर घर बांधले, दुसऱ्याने वाळूवर. पाऊस दोन्ही घरांवर पडला, पूर दोन्हीकडे आला. एक टिकले, एक कोसळले. आपल्या नवापूरकरांना हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीला पूर आला तेव्हा एका रात्रीत नदीकाठची घरे गेली, जनावरे गेली, माणसेही गेली. त्यानंतर आपल्यातले कित्येक जण चिखल काढायला आणि भांडीकुंडी, चादरी वाटायला गेले होते.

त्या दिवसांत एका वाहून गेलेल्या घराच्या जागी मी उभी होते. घर नव्हते, कूड नव्हता, कौले नव्हती. चार खांबांचे खड्डे मात्र दिसत होते. घरमालक त्या खड्ड्यांकडे बघून म्हणाला, "ताई, खांब हातभरच गाडले होते. दगड लागला म्हणून खोल खणायचा कंटाळा केला." उन्हाळ्यात ते घर शेजारच्या घरासारखेच दिसत असणार. खांब किती खोल आहे हे बघायला कोणी जात नाही. ते बांधणाऱ्याला माहीत असते, आणि देवाला.

सचोटी म्हणजे तो जमिनीखालचा खांब. दुसऱ्याला दिसत नाही, दुसरा तपासू शकत नाही, तिथे आपण काय करतो ती आपली सचोटी. आपल्या कामात अशी न दिसणारी जागा कुठे आहे, हे शोधायला गेले तर मला एकच उत्तर मिळते. ती जागा म्हणजे आपल्या माणसाचा अंगठा.

थोडे मागे जाऊ या. आपल्या बापजाद्यांच्या जमिनी कशा गेल्या? लढाईत गेल्या नाहीत. दोन पोती धान्य किंवा लग्नाला शंभर रुपये घेतले आणि कागदावर अंगठा लावला. कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा लावणाऱ्याला वाचता येत नव्हते आणि लिहिणाऱ्याला ते पक्के ठाऊक होते. १९७० नंतरच्या वर्षांत शहादा-तळोद्याकडे अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखी आपलीच माणसे याविरुद्ध उभी राहिली. १९७४ साली महाराष्ट्रात आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला. तरी ज्या घराने एकदा अंगठ्यापायी जमीन गमावली, त्या घरातली म्हातारी आजही कागद पुढे केला की हात पदराखाली घेते. तिला अडाणी म्हणू नका. तिला अनुभव आहे.

नंतर अंगठ्याचा मान वाढला. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात, शहादा तालुक्यात, देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पंतप्रधान तिथे आले होते. आज रेशन दुकानाच्या यंत्रावर अंगठा, बँकेच्या पैशाला अंगठा, मोबाइलच्या कार्डाला अंगठा. दगड फोडून आणि ऊस तोडून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांना यंत्र ओळखत नाही, तीन-तीनदा अंगठा पुसून लावावा लागतो.

आता लक्षात घ्या, हा अंगठा आज कोणाच्या हातात असतो? सावकार पूर्वीसारखा राहिला नाही. आज कागद घेऊन पाड्यावर जातो तो कार्यकर्ता. बचतगटाचा कागद, घरकुलाचा कागद, प्रशिक्षणाचे हजेरीपत्रक, वनहक्काचा दावा. म्हणजे तुम्ही आणि मी. सावकाराच्या जागी आपण बसलो आहोत. आपला हेतू चांगला आहे, पण जागा तीच आहे.

आता माझी साक्ष.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. एका संस्थेत नवीन लागले होते. चाळीस महिलांचे तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यायचे होते. भातलावणीचे दिवस. चाळीस बायका कुठून येणार? सतरा आल्या. त्या सतरा जणींनी मनापासून ऐकले, प्रश्न विचारले, मला आनंद झाला. पण अहवालात चाळीस दाखवायच्या होत्या. मला सांगण्यात आले, "उरलेल्यांचे अंगठे घरी जाऊन घेऊन ये. सगळे असेच करतात. पुढचे पैसे अडले तर नुकसान त्याच बायकांचे होईल."

मी गेले. दोन संध्याकाळी घरोघर फिरून तेवीस अंगठे घेतले. मला आजही जे टोचते ते हे, की तेवीस जणींपैकी एकीनेही विचारले नाही की हा कागद कशाचा. एकीच्या हाताला पीठ लागले होते, ती म्हणाली, "थांब, हात धुऊन येते, तुझा कागद खराब होईल." तिने माझ्या खोट्या कागदासाठी हात धुतले.

त्या रात्री मी प्रार्थना केली नाही असे नाही. रोजच्यासारखी केली, झोपही लागली. म्हणून तरुणांना सांगते, पाप केल्यावर लगेच आतून धक्का बसतो असे समजू नका. माझे मन म्हणाले, गरिबांसाठी केले. पुढच्या कागदावर हात थरथरला नाही.

दोन वर्षांनी मी ईश्वरविज्ञानाच्या पदविकेसाठी बायबल कॉलेजात गेले. तिथे लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायावर निबंध लिहायचा होता. जक्कयाची गोष्ट. उंबराच्या झाडावर चढलेला बुटका माणूस म्हणून आपण मुलांना हसवतो. पण तो जकातदारांचा प्रमुख होता, दुसऱ्याच्या कागदावर श्रीमंत झालेला माणूस. येशू त्याच्या घरी जेवायला गेला. त्याने आधी हिशेब मागितला नाही, आधी घरी गेला. आणि मग जक्कय आपणहून उभा राहिला आणि म्हणाला की माझी अर्धी मालमत्ता मी गरिबांना देतो आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करतो. निबंध लिहिता लिहिता माझा पेन थांबला. जक्कय रडला असे लूकाने कुठे लिहिलेले नाही. त्याने आकडा सांगितला. पश्चात्तापाला आकडा असतो, हे मला तेव्हा समजले. माझा आकडा तेवीस होता.

सुटीत मी त्या गावी गेले. सगळ्या भेटल्या नाहीत. दोघी वारल्या होत्या, काही ऊसतोडीला गेल्या होत्या. ज्या भेटल्या त्यांना मी खरे सांगितले. आधीच्या वरिष्ठांना पत्रही लिहिले, त्याचे उत्तर आले नाही. हात धुणारी ती बाई बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, "आमच्या नावावर जेवणाचे पैसे निघाले?" मी म्हटले, "निघाले असतील." ती म्हणाली, "भातलावणीत उपाशी होतो आम्ही तेव्हा." एवढेच. थोड्या वेळाने तिने चहा ठेवला. उठताना म्हणाली, "पुढच्या वेळी कागद आणलास तर आधी वाचून दाखव."

तिने मला क्षमा केली की नाही, मला ठाऊक नाही. तिने मला काम दिले. तेव्हापासून, अंगठा घेण्याआधी पूर्ण कागद वाचून दाखवायचा, हा माझा नियम आहे.

आता पवित्र शास्त्रातली एक जुनी गोष्ट घेऊ या. पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकविसावा अध्याय. नाबोथाचा द्राक्षमळा. मला वाटते, आदिवासी माणसाला ही गोष्ट शहरातल्या माणसापेक्षा लवकर समजते. राजा अहाबाला वाड्याशेजारचा मळा भाजीपाल्यासाठी हवा होता. तो पैसे देतो म्हणाला, याहून चांगला मळा देतो म्हणाला. नाबोथ नाही म्हणाला, कारण ती वाडवडिलांची जमीन होती. राजा तोंड फिरवून अंथरुणावर पडला, जेवेना. मग ईजबेल राणीने काय केले? सैन्य पाठवले नाही. पत्रे लिहिली. राजाच्या नावाने लिहिली, राजाची मोहर लावली आणि नाबोथाच्या गावातल्या वडीलधाऱ्यांना पाठवली. उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांसमोर बसवा आणि दोन माणसे उभी करा, जी त्याच्याविरुद्ध खोटी साक्ष देतील.

बघा, सगळे साहित्य आपल्या ओळखीचे आहे. जमीन, कागद, मोहर, साक्षीदार. आणि वरून उपास, म्हणजे धर्माचे पांघरूण. नाबोथाला दगडमार करून मारले आणि राजा मळा ताब्यात घ्यायला निघाला. एलीया संदेष्टा त्याला त्याच मळ्यात गाठतो.

आपण नेहमी अहाब आणि ईजबेलीवर बोलतो. मला त्या गावच्या वडीलधाऱ्यांबद्दल बोलायचे आहे. शास्त्र त्यांची नावेही सांगत नाही. ते नाबोथाला लहानपणापासून ओळखत असणार. पत्र वाचल्यावर त्यांच्यातला एक जरी म्हणाला असता, "मी हे करणार नाही", तरी ते काम इतके सोपे झाले नसते. कोणी म्हणाले नाही. प्रत्येकाने विचार केला असेल, एकट्या माझ्या नकाराने काय होणार?

हे मी का सांगते? कारण असा एक वडीलधारा मी डोळ्यांनी पाहिला आहे.

वनहक्क कायदा २००६ साली झाला, त्याचे नियम २००८ च्या सुरुवातीला लागू झाले, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या जिल्ह्यात त्याचे दावे किती घरांनी भरले, हेही माहीत आहे. आदिवासी कुटुंबाचा १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून त्या वनजमिनीवर ताबा हवा. जास्तीत जास्त चार हेक्टर. पट्टा नवराबायको दोघांच्या नावाने. दावा ग्रामसभेकडे जातो, वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहते. पुरावे एकाहून अधिक लागतात. आपल्या लोकांनी वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या. ज्या पावतीने एकेकाळी रडवले, तीच पुरावा म्हणून कामाला आली.

त्या पुराव्यांच्या यादीत मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. गावातल्या ज्येष्ठ माणसाचे लेखी निवेदन हाही त्या नियमांत पुरावा मानला आहे. दावा करणारा सोडून दुसऱ्या ज्येष्ठाने सांगावे की हा माणूस ही जमीन कधीपासून कसतो. विचार करा. ज्याच्या अंगठ्याला दोनशे वर्षे फसवले गेले, त्याच म्हाताऱ्याचा शब्द आता कायद्याने ऐकायचा आहे. आपल्या समाजाला मिळालेला हा मोठा मान आहे. आणि म्हणूनच तो सांभाळायचा आहे.

डोंगरालगतच्या एका गावात मी दावे लिहून देत होते. बारा कुटुंबे होती. त्यांच्यासाठी गावातले एक बाबा निवेदन देत होते. पंचाहत्तरीच्या पुढचे वय, एका डोळ्याने कमी दिसायचे. पण कोणत्या शेतात कोणता मोह कोणी राखला, कोणत्या साली कोणाचा बैल कोणत्या नाल्यात मेला, सगळे तोंडपाठ. मी लिहायची, वाचून दाखवायची, ते मान हलवायचे आणि अंगठा द्यायचे.

तेरावा माझा सख्खा चुलतभाऊ होता. आमच्याच मंडळीचा, उपासनेत ढोलकी वाजवणारा, मायाळू माणूस. त्याने डोंगरउतारावरचा तुकडा साफ केला तो २००८ साली. मला माहीत होते, कारण त्या वर्षी त्याच्या पायावर कुऱ्हाड लागली आणि दवाखान्यात मीच बसले होते. तो म्हणाला, "ताई, एक आकडा तर बदलायचा आहे. २००८ च्या जागी २००३ लिही. तू लिहिलेस तर कोण विचारणार आहे?"

मी लगेच नाही म्हणाले नाही. खरे सांगते. त्याची दोन मुले, दिवाळी झाली की उचल घेऊन कोयता घेऊन गुजरातेत जाणारी नवराबायको, उसाच्या फडाशेजारी प्लास्टिकच्या कागदाखाली झोपणारी पोरे. माझ्या मनात आले, ज्यांनी हजारो एकर लाटले त्यांचे कागद कोण तपासतो? माझ्या भावाला दीड एकर मिळाले तर आकाश कोसळणार आहे का? मी कागद घेऊन बाबांकडे गेले. ठरवले होते, बाबा अंगठा देतील तर मी लिहीन. म्हणजे पाप त्यांच्या अंगावर ढकलून द्यायचे. बघा माझी पदविका!

नियमाप्रमाणे मी कागद वाचून दाखवला. २००३ वाचले. बाबांनी मान हलवली नाही. ते मावची बोलीत बोलले, मी मराठीत सांगते. "पोरी, ह्या साली तिथे झाडे होती. मी स्वतः तिथून सरपण आणत होतो." मी म्हटले, "बाबा, तो गरीब आहे." ते म्हणाले, "गरीब तर मीही आहे. बारा जणांसाठी मी खरे बोललो. तेराव्यासाठी खोटे बोललो तर ते बाराही खोटे होतील." आणि त्यांनी हात मांडीखाली घेतला.

बंधूंनो, भगिनींनो, ते बाबा आपल्या मंडळीतले नव्हते. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता. ते याहामोगीला मानणारे होते, घरी नवाई पुजायचे. इज्रेल गावच्या वडीलधाऱ्यांनी जे केले नाही, ते त्यांनी केले. आणि मी, देवाचे वचन शिकलेली, तिथे २००३ लिहिलेला कागद हातात घेऊन बसले होते.

म्हणून मी कधी असे म्हणत नाही की सचोटी मिशनने आपल्या डोंगरात आणली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी परदेशी मिशनरी ह्या भागात आले, शाळा-दवाखाने उभे राहिले, त्यांचे उपकार आपण विसरत नाही. पण १९३७-३८ साली तळोद्याकडच्या मोरवडला गुला महाराजांच्या शब्दावर हजारो भिल्लांनी दारू सोडली, तीही आपलीच माणसे. देवाने सत्याची ओळख कोणाच्या अंतःकरणात कशी ठेवली आहे, हे मोजण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही.

मग विश्वासाचे काय? ख्रिस्ती असण्याने माझ्या सचोटीत काय फरक पडतो? यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला दोन गोष्टी सापडल्या.

पहिली गोष्ट, विश्वासामुळे पडलेला माणूस उठू शकतो. मी तेवीस अंगठ्यांच्या वेळी पडले आणि तेराव्या कागदाच्या वेळी पडता पडता वाचले. सचोटी माझ्याच ताकदीवर उभी असती तर पहिल्याच वेळी मी म्हटले असते, आपण तर खोटेच निघालो, आता पुढेही तसेच चालू दे. जक्कयाच्या घरी जाणारा प्रभू माझ्याही घरी आला, म्हणून मी त्या बायकांसमोर जाऊन बसू शकले.

दुसरी गोष्ट अवघड आहे. त्या दिवशीच्या सचोटीची किंमत कोणी भरली? मी नाही भरली. माझा पगार चालू होता. किंमत माझ्या भावाने भरली. त्याला पट्टा मिळाला नाही. बारांपैकी काहींना मिळाला, काहींचे दावे पुढे रखडले, पण कोणाचाही दावा खोट्या निवेदनाच्या ठपक्याने गेला नाही. भाऊ मात्र त्या दिवाळीनंतर पुन्हा कोयता घेऊन गेला. दोन वर्षे तो माझ्या घरी आला नाही. उपासनेला आला तरी मागच्या दाराने निघून जायचा. त्याची बायको मला म्हणाली, "ताई, तुमचा देव आणि आमचा देव एकच ना? मग त्याने तुम्हालाच कसे सांगितले?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही पूर्ण उत्तर नाही. पण एवढे समजले की दुसऱ्याच्या भाकरीवर आपण प्रामाणिक राहिलो आणि मग आनंदाने घरी जाऊन झोपलो, तर त्या प्रामाणिकपणाला ख्रिस्ताचा वास नाही. येशूने सत्य सांगितले आणि त्याची किंमत स्वतःच्या देहावर घेतली. मी तेवढे करू शकत नाही. पण नाही म्हटल्यावर त्या माणसासोबत थांबणे तरी करू शकते.

म्हणून मी भावाच्या मागे लागले. तो बोलत नसे, मी त्याच्या अंगणात जाऊन बसायची. दोन्ही मुलांना आश्रमशाळेत घातले, म्हणजे निदान ती फडावर जाणार नाहीत. पुढच्या पावसाळ्यानंतर रोजगार हमीच्या कामाची मागणी पाड्यावरच्या नऊ घरांनी मिळून लेखी दिली आणि तारखेची पोच घेतली. पोच हातात असली की पंधरा दिवसांचा हिशेब मागता येतो. बांधबंदिस्तीचे काम निघाले. सगळा हंगाम पुरले नाही, पण ती नऊ घरे दीड महिना उशिरा गेली. हा चमत्कार नाही. पण तिसऱ्या वर्षी नाताळाच्या आधी तो माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ढोलकीचे चामडे फाटले आहे, बसवून आणायचे आहे, येतेस का बरोबर?" आमच्याकडे समेट असा होतो.

आता शेवटचे, कामाचे बोलते. पंडिता रमाबाईंचे नाव आपण घेतो, मुक्ती मिशनचे काम सांगतो. त्यांच्या आयुष्याची शेवटची अनेक वर्षे बायबलच्या भाषांतरात गेली. मोठमोठ्या भाषा जाणणारी ती विदुषी हिब्रू आणि ग्रीक शिकली, पण तिचा आग्रह होता साध्या मराठीचा, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा भाषेचा. मला त्यात विद्वत्तेपेक्षा सचोटी दिसते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापासून काहीही लपवायचे नाही, ही ती सचोटी. मग आपल्याला आपला कागद मावचीत, भिलीत, पावरीत समजावून सांगायला दहा मिनिटे का जड व्हावीत?

म्हणून तुम्हा कार्यकर्त्यांना माझ्या तीन विनंत्या आहेत.

अंगठा किंवा सही घेण्याआधी पूर्ण कागद त्या माणसाच्या बोलीत वाचून दाखवा. घाई असेल तर कागद उद्यावर टाका, वाचणे टाकू नका. आणि कोऱ्या कागदावर अंगठा कधीच, कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका.

अहवालात सतरा आल्या तर सतराच लिहा. आपले हे त्रैमासिक वाचणारे, आपल्यासाठी प्रार्थना करणारे आणि दर महिन्याला थोडे बाजूला काढून पाठवणारे लोक आहेत. त्यांच्यात निवृत्त शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, विधवा आहेत. त्यांना चाळीसचा आकडा दाखवून आनंद देण्यापेक्षा सतराचा आकडा दाखवून प्रार्थना मागा. भातलावणीत बायका येत नाहीत हे कळले, तर पुढचे प्रशिक्षण उन्हाळ्यात ठेवता येते. खोट्या आकड्याने कोणाचेच काही सुधारत नाही.

आणि तिसरी विनंती, कोणाला नाही म्हणाल तेव्हा त्याच्या अंगणात परत जा. पुन्हा पुन्हा जा. खरे बोलणारा माणूस लोकांना टोचतो. टोचून परत येणारा माणूस हळूहळू आपला वाटू लागतो.

ते बाबा आता नाहीत. त्यांच्या मातीला मी गेले होते. गावाने त्यांच्या रीतीप्रमाणे सगळे केले, मी एका बाजूला उभी राहून मनात प्रार्थना केली. माझा भाऊही आला होता. त्याने खांदा दिला. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर शाईचा डाग असावा असे उगीच मला वाटत राहिले. तसा तो नव्हता. राबणाऱ्या माणसाचा, रेषा झिजलेला, साधा अंगठा होता.

आपण डोके लववू या.

हे स्वर्गीय पित्या, आमच्या हातात तू तुझ्या लेकरांचे अंगठे दिले आहेस, त्यांची राखण आमच्याकडून करून घे. जिथे आम्ही खोटे लिहिले तिथे परत जाण्याचे धैर्य दे. जिथे आम्ही खरे बोलून कोणाला दुखावले तिथे थांबण्याचे प्रेम दे. ह्या डोंगरातल्या प्रत्येक घराचा खांब खोल जाऊ दे आणि आमचाही. फडावर गेलेल्या आमच्या भावंडांना सुखरूप परत आण. येशूच्या नावाने मागतो. आमेन.